गाडी लिफ्ट केली आणि एका बाजूला बसली? दोष कुठे आहे ते आधी मोजून शोधा

बोलेरो पिकअपला मागे एक-एक पाटा वाढवला, किंवा थारला लिफ्ट किट टाकलं. गॅरेजमधून गाडी बाहेर आली, समोरून मस्त फोटो काढला आणि फोटोत दिसलं की बंपर तिरका आहे. टेप लावला तर डावी बाजू दीड-दोन सेंटिमीटर खाली. मिस्त्री म्हणतो, "चालवा थोडी, बसेल आपोआप." दुसरा म्हणतो, "खालच्या बाजूला एक पॅकिंग टाकून देतो."

पहिलं उत्तर कधीकधी बरोबर असतं. दुसरं जवळजवळ कधीच नसतं. पॅकिंगने गाडी सरळ दिसते, पण मूळ दोष तसाच राहतो. यू-बोल्ट नीट बसलेला नसेल, पाटा तुटलेला असेल किंवा अॅक्सल जागेवरून सरकलेला असेल, तर तो दोष आता झाकला जातो. म्हणून या लेखाचं सूत्र एकच: आधी गाडी मोजायची, मग खोलायची.

आपल्या परभणी जिल्ह्यात गाडी उंच करण्यामागे नुसती हौस नसते. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या शेतरस्त्यांवर कापूस-सोयाबीनच्या खेपा मारणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि हीच गाडी नंतर भरल्या मालासह हायवेवर पळते, म्हणून तिरकी बसलेली गाडी हा फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

गाडीच्या आधी जमीन तपासा

घरासमोरच्या रस्त्यावर माप घेऊ नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. पेट्रोल पंपाच्या फरशीलाही असतो. अंगणातली काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावरच्या मापाला काही अर्थ नाही.

चांगली जागा म्हणजे जिनिंगचा किंवा अडतीचा वजनकाटा. त्याचा प्लॅटफॉर्म समपातळीत बसवलेला असतो. गर्दी नसताना मालकाला विचारून दहा मिनिटं मागितली तर बहुतेक जण देतात. शिवाय पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी चढवून वजनही कळतं. काटा मिळाला नाही तर गोदामाची किंवा शोरूमची काँक्रीटची फरशी चालेल, पण तीही तपासूनच वापरा.

तपासायचं कशाने? मोबाइलपेक्षा चांगलं साधन तुमच्या गल्लीतल्या गवंड्याकडे आहे: पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही, तर दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबतं. गाडी हलवण्याआधी चारही चाकांच्या जागा खडूने आखा आणि चारही ठिकाणची पातळी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. नळीला बॅटरी लागत नाही, कॅलिब्रेशनही लागत नाही.

मोबाइलची लेव्हल किती खरी?

आयफोनमध्ये मेजर अॅपमध्ये लेव्हल असते, अँड्रॉइडवर फुकटची अॅप ढिगाने आहेत. सगळ्यांच्या मागे एकच सेन्सर असतो, अॅक्सेलरोमीटर. तो गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेने ओढतंय हे बघतो आणि त्यावरून फोन किती कललाय हे काढतो.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे मागचा कॅमेरा बाहेर आलेला असतो, त्यामुळे फोन पाठीवर ठेवला की मुळातच तिरका बसतो. तो कडेवर उभा ठेवा आणि कव्हर काढून ठेवा. दुसरी म्हणजे सेन्सरचा शून्य प्रत्येक फोनमध्ये थोडा हललेला असतो. अर्धा अंश फार वाटत नाही. पण गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४०० मिमी धरलं, तर अर्धा अंश म्हणजे साधारण १२ मिमी, आणि एक अंश म्हणजे २४ मिमी. म्हणजे तुम्ही जो दोष शोधताय, तेवढीच चूक फोन स्वतःच्या पदरची घालू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. एका सरळ पट्टीवर फोन ठेवून आकडा वाचा. मग फोन तिथेच १८० अंश फिरवा, उजवीकडचं टोक डावीकडे, आणि पुन्हा वाचा. फोनची स्वतःची चूक दोन्ही वेळा सारखीच राहते, पण पट्टीचा उतार उलट चिन्हाने येतो. समजा पहिल्यांदा +१.२ आणि फिरवल्यावर −०.४ आलं. मग फोनची चूक ०.४ आणि पट्टीचा खरा उतार ०.८ अंश.

हीच युक्ती अख्ख्या गाडीवर चालते. चासीच्या डाव्या-उजव्या बाजूचा एकसारखा बिंदू धरा, उदाहरणार्थ एकाच ब्रॅकेटचं भोक, आणि पाण्याच्या नळीने दोन्हींच्या पातळीतला फरक घ्या. मग गाडी वळवून, तोंड उलट दिशेला करून, त्याच खडूच्या खुणांवर आणा. समजा आधी डावी बाजू २२ मिमी खाली होती आणि वळवल्यावर १० मिमी खाली. मग गाडीचा खरा कल १६ मिमी आणि जमिनीचा हिस्सा ६ मिमी.

एक गोष्ट मात्र या युक्तीने जात नाही: जमिनीचा पीळ. म्हणजे तिन्ही चाकं बरोबर आणि एकाच कोपऱ्यात खळगा. यातला पिळाचा भाग गाडी वळवली तरी तसाच राहतो आणि सरासरीत लपून बसतो. म्हणूनच चारही जागा आधी नळीने तपासायच्या. फरक असेल तर चाकाखाली पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे घालून जुळवा.

कोणतं माप घ्यायचं

मापाआधी थोडी तयारी लागते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का ते बघा, हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा. गाडी रिकामी करा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असलं तरी ५० लिटर म्हणजे ४२ किलोच्या आसपास भरतं आणि टाकी बहुतेक वेळा एका बाजूला असते, त्यामुळे टाकी किती भरलेली होती तेही लिहून ठेवा. आत कुणी बसायचं नाही. स्टिअरिंग सरळ. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका, पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला. टायर जमिनीला चिकटून आडवा ताणलेला राहतो आणि त्या ताणामुळे गाडी उंच दिसते. पुढे विशबोन असलेल्या गाडीत हा फसवा फरक हमखास येतो.

आता चारही चाकांपाशी दोन मापं घ्या. पहिलं, चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. यात टायर येत नाही, म्हणून स्प्रिंगची खबर इथे मिळते. दुसरं, जमिनीपासून चासीच्या पट्टीपर्यंत.

दोन्ही का, तर मडगार्ड खोटं बोलू शकतं. गाडी कधी ठोकली गेली असेल, पत्रा ओढून सरळ केला असेल, तर मडगार्डची कड एका बाजूला १० मिमी खाली असू शकते आणि चासी मात्र सरळ असते. पिकअपचा हौदा तर बऱ्याचदा स्थानिक फॅब्रिकेशनचा असतो, त्याच्या कडेवरून माप घेणंच चूक. बॉडी आणि चासीमधले रबराचे माउंट दबले असतील तर तेही इथेच कळतं: चासी सरळ आणि बॉडी तिरकी.

केंद्र ते मडगार्ड सारखं, पण जमीन ते चासी वेगळं आलं, तर स्प्रिंगला हात लावू नका. टायर किंवा जमीन बघा.

किती फरक चालतो? माझा ठोकताळा असा: ५–७ मिमी फरक कंपनीतून आलेल्या नव्या गाडीतही दिसतो, सोडून द्या. १० च्या वर गेला तर कारण शोधा. २० च्या वर असेल तर माल भरू नका. सगळ्यात उपयोगी आकडा मात्र लिफ्टच्या आधीचा असतो. किट टाकायला जाताना ही आठ मापं घेऊन मोबाइलमध्ये ठेवली असतील, तर निम्मं काम तिथेच झालं.

पुढे की मागे?

चार चाकांची गाडी चार पायांच्या खाटेसारखी वागते. मागचा उजवा पाय लांब झाला तर पुढची डावी बाजूही दबते. त्यामुळे जिथे गाडी खाली दिसते, तिथेच दोष असतो असं नाही. प्रोग्रॅममध्ये बग शोधताना आपण अर्धा कोड बंद करून बघतो, इथेही अर्धी गाडी बाजूला काढायची.

पुढच्या चाकांना ओट लावा. मागच्या बाजूला चासीच्या आडव्या क्रॉसमेंबरचा बरोबर मध्य टेपने शोधा आणि तिथे जॅक लावून मागची चाकं जेमतेम हलकी होईपर्यंत उचला. आता मागचा भाग एका बिंदूवर आहे, मागच्या स्प्रिंगा गाडीला कुठेच झुकवू शकत नाहीत. कल तसाच राहिला तर दोष पुढे. गाडी सरळ झाली तर दोष मागे. मग जॅक काढून हेच पुढच्या बाजूला करा. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. ही चाचणी होईपर्यंत गाडीखाली कुणीही जायचं नाही, डोकंसुद्धा घालायचं नाही. खाली जायचंच असेल तेव्हा जॅक-स्टँड लावूनच.

अँटी-रोल बार असलेल्या गाडीत चाचणीआधी त्याची एक लिंक सोडवा. लिफ्टनंतर दोन लिंकांची लांबी वेगळी राहिली तर हा बार एकटाच गाडी तिरकी धरून ठेवतो. लिंक सोडताच गाडी सरळ झाली, तर तुमचा शोध संपला.

मागे पाटे असतील तर

पिकअपमध्ये मागे पाटेच असतात, जुन्या थारमध्येही, आणि इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्येही. आपल्याकडचे बहुतेक दोष इथेच सापडतात, म्हणून जरा सावकाश बघू.

सगळ्यात आधी बुशचे नट. मिस्त्री गाडी जॅकवर लटकलेली असतानाच शॅकल आणि डोळ्याचे नट पूर्ण आवळतो. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की रबराला पीळ बसतो आणि ते स्वतःच स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतं. दोन बाजू वेगळ्या स्थितीत आवळल्या असतील तर दोन बाजूंची उंची वेगळी. इलाज फुकट आहे: गाडी चाकांवर उभी असताना नट ढिले करा, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नव्या लिफ्टनंतरचा कल घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर मी पहिल्यांदा हेच करायला सांगतो, काहीही न खोलता.

मग सेंटर बोल्ट. पाट्यांचा जुडगा जिथे अॅक्सलवर बसतो तिथे सेंटर बोल्टचं डोकं एका भोकात जातं. मध्ये लिफ्टचा ठोकळा टाकला तर ते डोकं ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्याची खुंटी अॅक्सलच्या भोकात गेली पाहिजे. डोकं भोकाबाहेर राहिलं तर ती बाजू तेवढी उंच राहते आणि शिवाय अॅक्सल पुढे-मागे सरकतो. हे ओळखायला दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत अंतर मोजा. एका बाजूला ते ठळकपणे कमी-जास्त असेल तर गाडी चालवू नका, आधी खोला. अशी गाडी ब्रेक मारला की एका बाजूला ओढते.

पाट्यांची संख्या मोजा, जाडी कॅलिपरने बघा. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण एका बाजूला ८ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ७ मिमीचा पाटा टाकला तर कडकपणात मोठा फरक पडतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ चा घन ३४३, ८ चा ५१२, म्हणजे तो एक पाटा जवळपास दीडपट कडक. भंगारातून जोडीचा पाटा शोधून आणला असेल तर ही शंका आधी घ्या. पाटे खोलले तर जुन्या पाट्यांची कमान दोन्ही बाजूंची सारखी आहे का, हे सरळ पट्टी लावून बघा. वर्षानुवर्षं एकाच बाजूला माल जास्त पडत असेल तर त्या बाजूचे पाटे सपाट झालेले असतात आणि नवा पाटा टाकूनही तो फरक मिटत नाही. तुटलेला पाटा बहुधा मधल्या क्लॅम्पखाली, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. बाहेरून दिसत नाही, पण तिथे गंजाची तांबूस रेघ येते.

शंका उरलीच तर डावा-उजवा जुडगा अदलाबदल करा. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यात. तिथेच राहिला तर दोष चासीत, ब्रॅकेटमध्ये किंवा वजनात. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण नंतर वाद उरत नाही. दोन्ही बाजूंचे जुडगे कंपनीनेच वेगळे दिलेले असतील तर मात्र ही चाचणी करू नका.

पुढे टॉर्शन बार किंवा कॉइल असेल तर

२०१० ते २०२० मधल्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आहे: लांब लोखंडी दांडा, जो पिळून स्प्रिंगचं काम करतो. इथे लिफ्ट म्हणजे मागचा अॅडजस्टिंग बोल्ट आवळणं. मिस्त्री दोन्ही बोल्ट सारखे फेरे आवळतो आणि वाटतं की उंचीही सारखी येईल. तसं होत नाही. दोन दांडे वेगवेगळे थकलेले असतात, आणि दांडा काढून बसवताना खाचांचा एक दात जरी चुकला तरी उंची बदलते. बोल्ट किती बाहेर आहे हे विसरा, चाकाच्या केंद्रापासूनचं माप बघून जुळवा. थोडा आवळा, गाडी पुढे-मागे ढकला, मोजा, पुन्हा. एका बाजूचा बोल्ट संपत आला आणि दुसरा अर्ध्यावरच आहे, असं झालं तर दात चुकलाय किंवा दांडे डावे-उजवे उलट बसलेत.

ऑक्टोबर २०२० नंतरच्या थारला चारही बाजूंना कॉइल आहे. इथे वर स्पेसर टाकतात. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे विशबोनमध्ये स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसते, त्यामुळे स्पेसरमधला १० मिमी फरक चाकापाशी गाडीनुसार दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे एका बाजूचं रबरी वॉशर राहून गेलं, किंवा कॉइलचं टोक खालच्या बैठकीतल्या अडणीला टेकलं नाही, एवढ्यानेही गाडी तिरकी होते. टॉर्च लावून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवून बघा. डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत दिसतं.

परदेशातून मागवलेल्या किटमध्ये आणखी एक गंमत असते. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंगा मुद्दाम वेगळ्या दिलेल्या असतात आणि त्यांच्यावर 'ड्रायव्हर साइड', 'पॅसेंजर साइड' असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. ऑस्ट्रेलियाचं किट असेल तर आपल्यासारखंच. किट कुठल्या देशासाठी बनलंय हे न बघता लेबल वाचून बसवलं की काम मनापासून करूनही गाडी तिरकी.

साधे शॉकअप गाडीची उंची ठरवत नाहीत. गॅसवाले थोडं वर ढकलतात, पण दोन सेंटिमीटरचा कल शॉकअपमुळे आला असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी विचारा, कसं मोजलं?

गाडी सरळ झाली, आता एवढं तपासा

ब्रेकचा पाईप. गाडी उंच झाली की तो ताणतो. चाक पूर्ण खाली लटकवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाईपला ढील उरते का ते बघा.

मागे एलएसपीव्ही असलेल्या पिकअपमध्ये हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. हा व्हॉल्व्ह चासी आणि अॅक्सलमधलं अंतर बघून माल किती आहे याचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देतो. लिफ्टमुळे अंतर वाढलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो. त्याचा दांडा नव्या उंचीला सेट करून घ्या. हेडलाइटचा झोतही खाली घ्या. मागे पाटे वाढवले असतील तर तो आपोआप खाली गेलेला असतो, पुढे उचललं असेल तर समोरच्याच्या डोळ्यात जातो. व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, उंची पक्की झाल्यावर. आधी केली तर ते पैसे वाया.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-२२ ची मालवाहू गाडी फिटनेसला उभी राहणारच आहे, त्यामुळे किट घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं.

आणि "चालवा, बसेल" याचा हिशोब: नवे पाटे आणि कॉइल पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, पण साधारण दोन्ही बाजूंना सारखेच. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळा, ते ढिले होतातच. पाचशेनंतर आठही मापं पुन्हा घ्या, त्याच जागेवर, टाकी तेवढीच भरलेली असताना. पहिल्या दिवशीचा १६ मिमीचा कल तेव्हाही १४–१५ असेल तर तो बसणारा नाही. मापांचा कागद घेऊन गॅरेजला जा.